न दिलेली शाबासकी

विमलताई,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले, आणि मनातल्या मनात मी अजून तुमच्याशी वादच घालते आहे. हे शोभत नाही, याची मला जाणीव आहे. परंतु तुमच्यासमोर जे बोलायला मी नऊ वर्षे कचरले, ते आता इतक्या सुसंगतपणे सुचते आहे की लिहून काढण्यावाचून दुसरा मार्ग दिसत नाही. वादाचा विषयही आपला जुनाच आहे: चार माणसांना बरोबर घेऊन काम करणाऱ्याने त्यांना प्रेरणा द्यायची असते की नाही. तुम्ही होतात तोवर त्या वादात गंमत होती. आता ती उरलेली नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारे आपले मुलुंडचे दोन खोल्यांचे केंद्र तुमच्या माघारी रिकामे होऊ लागले आहे, आणि त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे.

दुपारी जेवणानंतर माझा डोळा लागतो. बहुतेक वेळा तेव्हाच तुम्ही दिसता. तुम्ही तरुण आहात, मी कधीही न पाहिलेल्या वयाच्या. तुम्ही नोकरी केलीत त्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या उंच बोर्डासमोर बसला आहात, कानाला हेडफोन आहे आणि बोर्डावर असंख्य बारीक दिवे उघडझाप करत आहेत. प्रत्येक दिव्यामागे कोणीतरी बोलण्यासाठी ताटकळलेले आहे, हे स्वप्नात मला आपोआप माहीत असते. तुम्ही घाई करत नाही. एक दोरी उचलता, खोचता, आणि दिवा विझतो. त्या खोलीला भिंती नाहीत. बोर्डाच्या पलीकडे आपल्या खिडकीतून दिसतात त्याच टेकड्या आहेत, उन्हात विरघळल्यासारख्या निळसर. मी तुमच्या मागे उभी असते आणि तुम्ही मान वळवाल म्हणून वाट पाहते. तुम्ही मान वळवत नाही. मग शेजारच्या इमारतीत कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होते आणि मी जागी होते.

तुम्हाला ठाऊक नव्हते, पण केंद्राच्या दारात येण्यापूर्वी मी तीन दिवस तो जिना चढून उतरले होते. पहिल्या दिवशी अर्ध्यावरून परत फिरले. दुसऱ्या दिवशी दारावरची पाटी वाचली. तिसऱ्या दिवशी आतून येणारा आवाज ऐकला आणि तो थांबल्यावर पळ काढला. बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडून बसलेल्या, दोन पदव्या आणि एक पदविका घेतलेल्या बाईने असे वागावे, हे मलाच पटत नव्हते. चौथ्या दिवशी तुम्ही दार उघडून उभ्याच होतात.

"नाव?" तुम्ही विचारलेत. मी सांगितले. "आवाज?" मी घसा खाकरला. "आहे ना? मग बस."

मी दाराजवळची शेवटची खुर्ची धरली. त्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "परिशिष्टासारखी शेवटी काय बसलीस गं? परिशिष्टावर परीक्षेत प्रश्न येत नाहीत. पुढे ये." सगळे हसले. मीही हसले. पुढे वर्षभर तुम्ही मला परिशिष्ट म्हणूनच हाक मारत होतात आणि मी 'ओ' देत होते.

आपल्या खोलीची रीत मला त्याच दिवशी समजली. आतल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, वाचन सुरू झाले की पंखा बंद, आणि वाचताना चूक झाली तर थांबायचे नाही. एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पुन्हा वाचायचे. टाळीचा आवाज संगणकाच्या पडद्यावर उंच सुळक्यासारखा उमटतो आणि नंतर तेवढा भाग कापून टाकता येतो. पहिल्या तासात मी एकवीस टाळ्या वाजवल्या. बाहेर आले तेव्हा घामाने आणि लाजेने भिजले होते. तुम्ही हेडफोन काढलात आणि म्हणालात, "इथे टाळी फक्त चुकीला असते. चांगल्याला नसते. सवय होईल."

सवय झाली नाही, ताई. मुद्दा तोच आहे.

मी सव्वीस वर्षे एका विमा कंपनीच्या प्रशिक्षण विभागात होते. अधिकाऱ्यांना नेतृत्व कसे करावे हे शिकवणारी व्याख्याने मी लिहीत असे. ती देत मात्र दुसरे असत, कारण व्यासपीठाच्या नुसत्या कल्पनेने मला कणकण येई. हे तुम्हाला कळले तेव्हा थर्मासमधला चहा ओतता ओतता तुम्ही म्हणालात, "म्हणजे शिट्टी तू बनवायचीस आणि वाजवायचे दुसरे." मी प्रेरणेवरच सर्वांत जास्त लिहिले होते. माणसाला त्याच्या कामाचे मोल कोणीतरी सांगावे लागते. ते सांगणे हेच पुढाऱ्याचे पहिले काम, अशी माझी धारणा होती आणि आहे. तुम्हाला हे ऐकून हसू येत असे. "जो माणूस भांडुपवरून दोन जिने चढून इथपर्यंत आला, त्याला मी काय प्रेरणा देणार? ती तो घरून घेऊनच आलाय. माणसाला बोलायचंच असतं गं. आपण फक्त लाइन मोकळी ठेवायची."

आणि लाइन मोकळी ठेवणे तुम्हाला किती उत्तम जमत होते, हे मी तेव्हाही पाहत होते. आदल्या दिवशीच फळ्यावर मोठ्या अक्षरात यादी लिहिलेली असे: कोण, कोणते पुस्तक, कोणती पाने. दहाच्या पाच मिनिटे आधी कुलूप उघडलेले, पाण्याचा जग भरलेला. औषधशास्त्राच्या पुस्तकातला एखादा शब्द अडला तर तुम्ही ओळखीच्या औषधवाल्याला फोन करून उच्चार विचारून घेत होतात आणि वाचणाऱ्यासमोर तो मराठीत लिहून ठेवत होतात. आपल्या वाचकांपैकी सावंतकाकांच्या घरी आजारपण होते, तेव्हा त्यांनी न मागता त्यांचा वाचनाचा वार बदललेला होता. माणसे येत होती ती या सगळ्यामुळे, हे मी मान्य करते. पण वाचून बाहेर आलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही कधी पाहिलात का? तो क्षणभर तुमच्याकडे पाहत असे. तुम्ही एकच शब्द बोलत होतात. "पुढचं."

माझ्या त्या चुकीबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. आज बोलते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी व्यवस्थापनाचे पाठ्यपुस्तक माझ्याकडे आले होते. त्यात प्रेरणा आणि नेतृत्व असा चाळीस पानांचा धडा होता, आणि तो मला वाईट वाटला. बक्षिसाचे आमिष आणि शिक्षेची भीती दाखवून हाताखालच्या माणसांत निर्माण करायची शक्ती, असे काहीतरी त्यात लिहिले होते. मी गाद्यांच्या त्या बंद खोलीत एकटी होते. समोर कोणी नव्हते. पहिल्या पानावर मी एक विशेषण बदलले. तिसऱ्या पानावर एक वाक्य. दहाव्या पानानंतर मी पुस्तकाकडे केवळ शीर्षकांपुरते पाहत होते. माझा आवाज इतका मोकळा कधीच लागला नव्हता. त्या धड्यात एकही टाळी नाही.

दीड महिन्याने प्रणालीचा फोन आला. घाटकोपरची ती मुलगी जन्मापासून पाहू शकत नाही, आणि तिच्या तोंडी कोणी लागत नाही. तुम्ही फोन स्पीकरवर ठेवलात. "ताई, सरांनी वर्गात पुस्तकातलं वाक्य वाचलं आणि माझ्याकडे वेगळंच आहे. मला वाटलं सरच चुकले. तसं मी बोलून पण टाकलं ना वर्गात! पूर्ण वाट लागली माझी." मग जरा थांबून ती म्हणाली, "मॅडमचं पुस्तक जास्त भारी आहे. पण मार्क त्या पुस्तकाला आहेत."

तुम्ही रागावाल, मला काढून टाकाल, किंवा निदान सगळ्यांसमोर परिशिष्टावर आणखी एक विनोद कराल, असे वाटले. तुम्ही फोन ठेवलात, दार लोटून घेतलेत आणि हळू आवाजात म्हणालात, "चाळीस पानं परत वाच. आहे तशी. आणि तुझं मत असेल तर त्या मुलीला समोर बसून सांग. पुस्तकाच्या आवाजात लपून कशाला बोलतेस?"

पुढच्या शनिवारी प्रणाली आली, बरोबर वर्गातल्या दोन मैत्रिणी घेऊन. मी तासभर बोलले. आयुष्यात प्रथमच मी माझे स्वतःचे वाक्य माणसांसमोर उच्चारत होते आणि माणसे ऐकत होती. प्रणालीने मला तीनदा अडवले, एकदा निरुत्तर केले. त्या गेल्यावर मी खुर्च्या सरळ करण्याचे निमित्त करून रेंगाळत राहिले. तुम्ही थर्मास विसळत होतात. मी वाट पाहत होते, ताई, उघड उघड वाट पाहत होते. तुम्ही थर्मास उपडा घातलात आणि म्हणालात, "पुढच्या शनिवारी पुढचा धडा घे."

त्या दिवशी घरी जाताना मला इतका आनंद झाला होता की रस्ता चुकले, आणि इतका राग आला होता की रडू आले. दोन्ही खरे होते. ते शनिवार पुढे सहा वर्षे चालले. 'छान' हा दोन अक्षरांचा शब्द मात्र तुमच्याकडून कधी आला नाही.

तुम्ही गेल्यानंतरच्या सोमवारी अकरांपैकी सात वाचक आले. सगळे बाहेरच्या खोलीत बसून राहिले; वाचले कोणीच नाही. त्या आठवड्याच्या शेवटी चार आले. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी मी एकटी होते. संस्थेच्या विश्वस्तांचा फोन आला. सौम्य गृहस्थ आहेत. ते म्हणाले, आता यंत्रे मराठीही बरी वाचतात. यंत्र थकत नाही, रुसत नाही. वाचकच येणार नसतील तर महिनाअखेर खोल्या सोडून द्याव्यात. जबाबदारी घेणारे कोणी आहे का, असेही त्यांनी विचारले. मी म्हटले, विचार करून कळवते. आता एम.कॉम.ला असलेल्या प्रणालीचे संख्याशास्त्राचे पुस्तक सातव्या धड्यावर अडलेले होते आणि तिची परीक्षा दीड महिन्यावर होती.

तुमच्या पद्धतीने जे जे करायचे ते मी सारे केले. फळ्यावर यादी लिहिली. दहाला पाच कमी असताना कुलूप उघडले. जग भरला. लाइन अगदी मोकळी होती, ताई, आणि कोणीही बोलत नव्हते. तेव्हा मला प्रथमच तुमचा राग आला असे नाही, पण प्रथमच तुम्ही चुकलात असे स्पष्ट वाटले. माणसे घरून जे घेऊन येत होती, ते तुम्हाला दाखवण्यासाठी आणत होती. तुम्ही ते पाहत होतात, आणि पाहिले म्हणून सांगत नव्हतात.

मग मी माझ्या पद्धतीकडे वळले. तीन पानांचे भाषण लिहिले. उत्तम होते; उपशीर्षकेही होती. रिकाम्या खोलीत उभी राहून मी ते मोठ्याने वाचले आणि तिसऱ्या परिच्छेदातच थांबले. मी तो धडाच वाचत होते, मी कधीकाळी बदलून टाकलेला. शब्द तेवढे अधिक सभ्य होते.

काय करावे ते न सुचून मी तुमच्या खुर्चीत बसले, हेडफोन लावला आणि सावंतकाकांनी वाचलेला सहावा धडा ऐकू लागले. सुरुवातीला तुमचा आवाज आहे, पुस्तकाचे आणि वाचकाचे नाव सांगणारा. तो मी तीनदा ऐकला. नंतर काका सुरू झाले. बसडेपोत जन्मभर टाइमकीपर असलेल्या माणसाचा सपाट, न सजवलेला आवाज. मी डोळे मिटले. खिडकीच्या गजांतून ऊन गुडघ्यांवर येऊन पडले होते, खोली पाण्याखाली असल्यासारखी निवांत होती, आणि कितीतरी वेळाने माझ्या ध्यानात आले की प्रत्येक आकड्याच्या आधी काका अर्धा श्वास थांबतात. प्रत्येक. ऐकता ऐकता ब्रेलमध्ये टिपून घेणाऱ्या मुलाला हात तयार करायला जेवढा वेळ लागेल, नेमका तेवढा. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही.

तुम्हाला ते निश्चित ऐकू आले होते. म्हणूनच आकड्यांची सगळी पुस्तके त्यांच्या नावापुढे लागत होती. आणि काकांची समजूत अशी, की कोणाला नको असलेली पुस्तके त्यांच्या वाट्याला येतात; तसे त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितलेही होते. मग माझ्या नावापुढे सहा वर्षे शनिवार का लिहिलेले असत, हा विचार मनात आला. मी तो तिथेच थांबवला. हेडफोन काढला तेव्हा कान घामाने ओले झाले होते.

फोन करणे मला किती जड जाते, हे तुम्ही जाणता. काय बोलायचे ते मी कागदावर लिहून घेतले. एकच वाक्य होते.

"बोला मॅडम," काका म्हणाले.

मी म्हटले, "काका, तुम्ही आकड्याच्या आधी अर्धा श्वास थांबता. त्यामुळे मुलांना टिपून घेता येतं. इतकं चांगलं आपल्यात कोणी वाचत नाही."

काका बोलले ते त्यांच्या घरच्या मालवणी बोलीत. "माका ह्या कोणी कधी सांगूक नाय."

माझ्यात थोडा विजयाचा सूर आला असावा. मी म्हटले, "ताई कोणालाच सांगत नसत. मलाही कधी नाही सांगितलं."

"होय तर," काका म्हणाले. "आणि तुम्ही ताईंना?"

"मी काय?"

"तुम्ही कधी सांगितलंत त्यांना? की ताई, हे बरं करताय म्हणून? मी अकरा वर्षं येत होतो. मी नाय सांगितलं."

लिहून घेतलेला कागद हातात होता आणि त्यावर एकच वाक्य होते.

काका शुक्रवारी आले आणि सातवा धडा पूर्ण करून गेले. बाहेर आल्यावर त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि काय चांगले वाटले ते मी सांगितले. बोलताना अडखळले, पण सांगितले. इतर वाचकांपैकी प्रत्येकाचे एकेक मुद्रण मी आता डोळे मिटून ऐकते आहे आणि दिवसाला एक फोन करते आहे. काल सहाजण होते. विश्वस्तांनाही कळवले. ते म्हणाले, जबाबदारी कोण घेणार? मी म्हटले, मी. आवाज कापला, तरी शब्द पुरा निघाला. परीक्षा होईपर्यंत खोल्या आपल्याकडे राहतील. पुढचे पुढे पाहू, असे ते म्हणाले. तेव्हा केंद्र टिकले, असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. चालू आहे, एवढे सांगते.

वादात मी अजूनही माझ्याच बाजूला आहे. तुम्ही काही म्हणाला नाहीत आणि तरी मी नऊ वर्षे आले, हे तुमच्या बाजूने जाते. ते मी नाकारत नाही. परंतु काकांनी विचारल्यापासून हा वाद मला तितक्या ठामपणे घालता येत नाही. काम आटोपल्यावर तुम्ही पिशवी खांद्याला लावून नाहूरकडे चालत निघत होतात. मी खिडकीतून कितीदा पाहिले आहे. जरा उजवीकडे झुकलेली तुमची चाल, वळणावरच्या फुलवाल्याशी दोन शब्द, आणि मग तुम्ही दिसेनाशा होत होतात. त्या वाटेवर तुमच्या मनात काय चाललेले असेल, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. आम्ही अकराजण तुमच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आम्हाला काय मिळते ते शोधत. तुमचा चेहरा असा कोणी पाहिलाच नाही. पुढे असलेल्या माणसाला काही लागत नाही, ते सगळे त्याच्याकडे असतेच, असे आम्ही धरून चाललो. प्रेरणेवर सव्वीस वर्षे लिहिणाऱ्या बाईला तरी हे समजायला हवे होते.

विमलताई, तुम्ही केंद्र फार चांगले चालवलेत. माणूस न मागता त्याला काय हवे ते ओळखणारे तुमच्यासारखे मी दुसरे कोणी पाहिले नाही. एवढेच सांगायचे होते. गेल्या महिन्यातही सांगता आले असते. तेव्हा तुम्ही माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर बसला होतात.